पाय पसरायची मोटार

शाळामास्तराला कशालाही गुण द्यायची खोड असते. लग्नातली जिलबी असो, पाहुण्याचे हस्ताक्षर असो, नाही तर शेजाऱ्यांचे भांडण असो, आम्ही मनातल्या मनात शंभरांपैकी आकडा टाकून मोकळे होतो. म्हणून गेल्या उन्हाळ्यात भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, एक जुनी मोटार घ्यावी म्हणतो, तुम्ही बघून सांगा," तेव्हा मोटारीतले मला ओ की ठो कळत नसूनही मी लगेच चपला घातल्या.

मोटार होती स्कोडा सुपर्ब, 2013 सालची. झेक देशात हे नाव प्रथम 1934 साली एका मोठ्या गाडीला दिले गेले. पुढे ते मागे पडले आणि 2001 साली पुन्हा वापरात आले. आम्ही पाहिली ती या नव्या सुपर्बची दुसरी पिढी. तिचे सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि जुळणी होई आमच्या गावाजवळ, शेंद्र्याच्या कारखान्यात. आमचे गाव म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. म्हणजे ही बाई माहेरची आणि तरीही गावात क्वचितच दिसणारी! कारण उघड आहे. ज्यांच्याजवळ पैसा, त्यांना नाकावर तारा असलेली मोटार हवी; 2010 साली याच गावच्या मंडळींनी एकदम 150 मर्सिडीझ घेतल्या, हे वाचकांना आठवत असेल. आणि ज्यांच्याजवळ पैसा बेताचा, ते हिच्या सुट्या भागांच्या किमती ऐकूनच घाबरतात. त्यामुळे नवी असताना वीस लाखांच्या घरातली ही मोटार चार लाखांना दारात उभी होती. मला त्याचे नवल वाटले नाही. मी कादंबरीकार आहे. चांगली बांधणी, मोठा आवाका आणि रद्दीवाल्याकडची किंमत यांचा संबंध मला ठाऊक आहे.

भाच्याजवळ होते पाच लाख, नोकरीच्या सहा वर्षांतली सगळी शिल्लक. त्यात धाकटी, पण नव्यासारखी मोटार सहज आली असती. अडचण होती अक्काची. पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकत नाही. पंधरवड्याला पैठणहून इस्पितळात यायचे, तर ती लहान मोटारीच्या मागच्या बाकावर आडवी बसते, आणि घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. काढला तर कण्हणे ऐकू येईल ना!

तेव्हा मी तपासणी सुरू केली ती मागच्या बाकापासून. या मोटारीची लांबी 4838 मिलिमीटर, आणि त्यातला मोठा हिस्सा करणाऱ्याने मागे बसणाऱ्याला देऊन टाकला आहे. पुढचे आसन मागे ओढले तरी गुडघ्यापुढे भरपूर जागा उरते. मागच्या दारात छत्री ठेवायला एक नळी केली आहे, ओल्या छत्रीचे पाणी तिच्यातून बाहेर निघून जाते. इतका विचार आमच्या शाळेच्या इमारतीतही कोणी केलेला नाही. सामानाचे झाकण दोन तऱ्हांनी उघडते: एक कळ दाबली तर नुसते झाकण, दुसरी दाबली तर काचेसकट सगळी पाठ. आत 565 लिटर जागा. अक्काचे व्हीलचेअर उभेच्या उभे गेले.

इंजिन 1.8 लिटरचे, पेट्रोलचे, 160 अश्वशक्तीचे. चालवताना भाचा गप्प झाला, यावरून ते चांगले असावे. गिअर हाताने बदलायचे होते, आणि ते त्याने मुद्दाम पाहून घेतले होते. आपोआप बदलणारी सात गिअरांची पेटी नाजूक म्हणून तिचा बोभाटा झाला होता. 2013 साली तिच्यातले तेल बदलण्यासाठी कंपनीने जगभरातून लाखो गाड्या परत बोलावल्या होत्या.

आता उणे गुण. मोटारीचे पोट जमिनीलगत. गतिरोधक दिसला की चालवणाऱ्याचेच पोट आत जाते. आमच्या गल्लीत वळायला तिला तीन खेपा लागतात. पेट्रोल पिते ते श्रीमंताच्या घरी वाढल्यासारखे. आणि 2028 साली पंधरा वर्षे भरली, की फेरनोंदणी आणि पर्यावरण कर उभे राहणार. मी भाच्याला म्हटले, "किंमत चार लाखांची असली, तरी दुरुस्ती वीस लाखांच्या मोटारीचीच. उरलेला लाख बँकेत हिच्या नावाने ठेव. त्याला हात लावणार असशील, तर आत्ताच परत फिरू."

तो अक्काकडे पाहू लागला. अक्का मागच्या बाकावर बसली होती, तोंड पुढे करून, चारचौघांसारखी. उजवा पाय सरळ पसरलेला होता. मी विचारले, "कसं वाटतंय?"

ती म्हणाली, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आईनं आपल्याला शिकवलं. पण ज्याचा पायच दुमडत नाही त्यानं काय करावं, ते नाही शिकवलं बाबा."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. ओळखीच्या कारागिराने खाली निजून, टॉर्च मारून मोटार पाहिली, दोन रबरे आणि एक पंप बदलायला सांगितला, आणि व्यवहार झाला.

कोणी मला विचारले, की अशी जुनी, दुर्मिळ, थोरामोठ्यांची मोटार घ्यावी का, तर मी सरसकट हो म्हणणार नाही. लोकांनी वळून पाहावे म्हणून घ्यायची असेल तर घेऊ नये; लोक पाहतात आणि तिला दुसरीच कुठली तरी मोटार समजतात. कमी पैशात थाट म्हणून तर मुळीच घेऊ नये. पण ज्या एका गोष्टीसाठी ती घडवली, नेमकी तिचीच घरात कोणाला गरज असेल, आणि एक लाख बाजूला राहत असतील, तर तिच्याइतका स्वस्त सौदा मिळणे कठीण.

माझ्या वहीत तिला शंभरांपैकी सदुसष्ट गुण आहेत. हिशेबात ती काठावर पास झाली आहे. परवा भाच्याचा पैठणहून फोन आला. म्हणाला, "मामा, आज आई वाटेत झोपली."