उलव्यातली ओल

खारकोपर स्टेशनला उतरलं की आधी वारा भेटतो. खाडीवरून आलेला, खारट, केसांचं सेटिंग पार बिघडवणारा. २०१८ च्या नोव्हेंबरात लोकल इथवर आली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला आणि उलव्यात फ्लॅट घेणं एकदम शहाणपणाचं ठरलं. आम्हीही घेतला. तिसरा मजला, समोर मोकळं आकाश, ईएमआय वीस वर्षं!

ब्रोशरमध्ये एकच गोष्ट नव्हती. ओल.

पहिल्याच पावसात हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली डाग उमटला. दुसरा बेडरूममध्ये, छताला लागून. दिवाळीत मी दोन्हींवर रंग मारून घेतला. (तुम्ही मारू नका. पैसे गेले.) डिसेंबरात बाबा साताऱ्याहून कायमचे राहायला आले. त्यांना दमा. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागे पोपडे आणि काळी बुरशी! बाबा काही बोलले नाहीत. फक्त पलंगाखालची बॅग काढून वर ठेवली.

मग मी जरा डोकं लावलं. हॉलचा डाग पाऊस गेल्यावर सुकला तो सुकलाच. म्हणजे पावसाचं पाणी. इथे नैर्ऋत्येचा पाऊस भिंतीला आडवा झोडपतो, केसाएवढी भेगही पुरते. बेडरूमचा डाग मात्र मे महिन्यातही ओलाच. शंका नको म्हणून त्यावर किचनमधली फॉइल चारही बाजूंनी टेपने चिकटवली. दोन दिवसांनी थेंब फॉइलच्या आतल्या बाजूला! बाहेरच्या बाजूला असते तर नुसता हवेतला दमटपणा, खिडक्या उघड्या ठेवून भागलं असतं.

वरच्या काकू आधी भडकल्या. "आमचं बाथरूम ठणठणीत आहे हो!" प्लंबरने त्यांच्या बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी साठवलं, त्यात रंग टाकला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गुलाबी ओघळ. काकू खाली येऊन बघत राहिल्या. "अगंबाई! खर्च आमचाच मग." आदर्श उपविधीही तेच सांगतात: बाथरूमच्या आतली गळती सदस्याची, बाहेरच्या भिंतीची सोसायटीची. ताब्याला पाच वर्षं झाली नसतील तर रेराच्या कलम १४ खाली बिल्डरला लेखी कळवायचं, तीस दिवसांत फुकट दुरुस्ती त्याने करायची. आमचा फोन उचलत नव्हता. स्पीड पोस्टाने पत्र गेल्यावर पावसाच्या तोंडावर बाहेर झुला लागला.

सगळ्यात अवघड काम म्हणजे थांबणं. ओलं प्लास्टर फोडून भिंत उघडी ठेवली, पंखा लावला, बाबांना हॉलमध्ये झोपवलं. पाहुणे विचारायचे, काम अर्धवट का? रंग थेट नोव्हेंबरात. कपाट आता भिंतीपासून चार बोटं लांब.

बाबांची बॅग माळ्यावर गेली. २०२५ च्या डिसेंबरात विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून ते गॅलरीत बसून विमानं मोजतात.