डग्ग्यावरचा हात

गेल्या आषाढात माझ्या शिष्येने माझ्यासमोर पहिल्यांदा चोखोबांचं आख्यान लावलं. पूर्वरंग तिने स्वतः बांधला होता आणि तो चांगला होता. उत्तररंगात नामदेवराय मंगळवेढ्याला पोहोचले, कोसळलेल्या गावकुसाच्या ढिगाऱ्यातून एकेक हाड उचलून, त्यातून ‘विठ्ठल’ ऐकू येतं का म्हणून कानाशी नेऊ लागले, आणि ‘विठ्ठल’मधल्या ‘ठ्ठ’वर तिचा आवाज फुटला. त्याआधी अर्धा श्वास, डावा हात पदराशी, मान किंचित उजवीकडे. समोरच्या बायकांनी डोळे पुसले. माझ्या पोटात खड्डा पडला. तो गहिवर माझा होता.

मी तो तिला शिकवला नव्हता. साकी शिकवली, दिंडी शिकवली, कटावात दम कुठे चोरायचा ते शिकवलं. गहिवर तिने आपला आपण उचलला, पदर खोचायची माझी पद्धत उचलली तसा.

आणि माझा तरी तो कुठला? अण्णांचा. वडील म्हणूनही अण्णा आणि गुरू म्हणूनही अण्णाच. त्यांचा आवाज याच अक्षरावर फुटत असे. मी लहानपणी त्यांच्यामागे झांज घेऊन उभी असायची आणि ते अक्षर जवळ आलं की माझाही श्वास अडकायचा. त्यांनी तो कोणाकडून घेतला होता, हे विचारायचं सुचलं तेव्हा अण्णा नव्हते.

एकदा तो खरा होता, हे मी शपथेवर सांगेन. आई गेली त्या वर्षी. तिच्या अस्थींचं मडकं मांडीवर घेऊन मी नदीपर्यंत गाडीत बसले होते. रस्ता खराब होता, आणि प्रत्येक खड्ड्याला आतून बारीक आवाज येई. पुढे महिन्याभराने चोखोबा लावले. हात कानाशी गेला, मला तो आवाज ऐकू आला आणि पुढचं पद म्हणताच येईना. पेटीवाले काका दोन आवर्तनं नुसता सूर धरून बसले. देवळात चिटपाखरू हललं नाही.

दुसऱ्या गावी तो आवाज पुन्हा ऐकू येईल का, म्हणून मी वाट पाहिली. आला. तिसऱ्या गावी आला नाही, आणि मी तो आणला. आणता येतो. अर्धाच श्वास घ्यायचा, जीभ मुळाशी दाबायची, आवाज सोडायचा, की तो आपोआप चिरतो. लोक तितकेच रडले. त्या रात्री मला झोप लागली नाही ती आनंदाने, पश्चात्तापाने नव्हे. आपल्या हातात काय आलं आहे ते मला कळलं होतं.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मी त्या एका जागेभोवती फिरते आहे. काय काय करून पाहिलं! हात कानाशी न्यायचाच नाही. डोळे मिटायचे. उघडे ठेवून समोरच्या खांबाकडे बघायचं. मनापासून ऐकणारं माणूस मान कलती करत नाही, हे मी बाजारात, दवाखान्यात माणसं न्याहाळून शिकले. ऐकणारा थबकतो, आणि त्याची नजर कुठेच नसते. मी मान सरळ ठेवू लागले. तर मान सरळ ठेवण्याचीही सवय झाली, आणि तीही लोकांना आवडली. अंगाला लबाडी शिकवायला तीन प्रयोग पुरतात, सोडवायला जन्म पुरत नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट मला पेटीने दाखवली. वयाने माझी पट्टी काळी पाचवरून काळी तीनवर उतरली. रियाजाला बसले आणि लक्षात आलं, माझा गहिवरही दोन पट्ट्या खाली उतरला होता. तो सुरात होता. खऱ्या रडण्याला सूर नसतो. त्या वर्षी काकांना दोन आवर्तनं थांबावं लागलं होतं. त्यानंतर कधीच थांबावं लागलं नाही.

हल्ली मोबाइलवर दीड मिनिटाची कीर्तनं फिरतात. गालाशी माइक, मागे तयार संगीत, नेमका रडण्याचा तुकडा कापून काढलेला. मला त्याची चीड येते. पूर्वरंग न ऐकता आख्यानाचे अश्रू मागणं म्हणजे पेरल्याशिवाय कापणी मागणं. पण त्या तरुण कीर्तनकारांना नावं ठेवताना माझी जीभ अडखळते, कारण तो तुकडा कापण्याजोगा करून ठेवला आम्हीच.

गाडगेबाबांचं वांद्र्याचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, 8 नोव्हेंबर 1956 चं. पुढच्या महिन्यात बाबा गेले. मी ते पुन्हा पुन्हा ऐकते. आवाजात कमावलेलं काही नाही. ते समोरच्यांना प्रश्न विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत खरोखर थांबतात. मला थांबता येतं, पण माझ्या थांबण्यात कोणाची वाट पाहणं नसतं. थांबल्याचा परिणाम होतो, म्हणून मी थांबते. हा फरक कानाला ऐकू येतो का? मला येतो.

अकरा वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी आरतीनंतर एक वयस्क गृहस्थ पुढे आले. बुक्का लावून घेतला आणि म्हणाले, ‘‘ताई, फार सुंदर झालं. पण चोखोबांना कुसाच्या कामाला कोणी जुंपलं, ते आलं नाही.’’ मी हसून नमस्कार केला. मनात आलं, याला रस कळत नाही. अनेक वर्षं मी हेच धरून बसले.

यंदा शिष्येला गहिवराबद्दल बोलायचं म्हणून मी आख्यानाची अण्णांची वही काढली. ‘भिंत कोसळली आणि चोखोबा गेले.’ एवढंच एक वाक्य, आणि लगेच पद. वेठबिगारीचा शब्द नाही. ज्याला विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढू दिली नाही, तो गावाचंच कूस बांधताना त्याखाली मेला, हे नाही. त्याची समाधी महाद्वारासमोर, म्हणजे दाराबाहेरच आहे, हेही नाही. चोखोबा गेले 1338 मध्ये. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले 1947 च्या मे महिन्यात. अण्णा तेव्हा तेवीस वर्षांचे होते, गादीवर उभे राहू लागले होते. वहीत त्याची एक ओळ नाही. कर्ममेळ्याने, चोखोबांच्या पोटच्या मुलाने, देवालाच रोखठोक जाब विचारला आहे. तोही नाही. गहिवर मात्र आहे. समासात पेन्सिलीने खूण केलेली आहे.

ती खूण मी शिष्येला दाखवली. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘ताई, ते वाक्य मी बदलू?’’

श्रावणात तिने पुन्हा आख्यान लावलं. वेठ कशी धरत, कोणाला धरत, ते तिने गद्यात, बसक्या आवाजात सांगितलं. मग हाड उचललं. कानाशी नेलं. गळा भरला नाही, मान हलली नाही. ‘विठ्ठल’ हा शब्द ती जेमतेम बोलली. मला तिचा हेवा वाटला. रडू आलं ते बहुधा त्या हेव्याचंच होतं. चोखोबांचं मी नक्की म्हणू शकत नाही.

कार्तिकात मला तेच आख्यान करायचं आहे. काल तालमीला बसलो. वाक्य मी बदललं आहे, म्हणताना अजून अडखळते. हाडांपाशी आले आणि तबला थांबला. तबलजी माझ्याबरोबर बावीस वर्षं आहेत. बघितलं तर त्यांनी दोन मात्रा आधीच डग्ग्यावरून हात उचलला होता. इतकी वर्षं ते तो उचलत आले असणार.

म्हटलं, ‘‘दादा, यंदा ठेका सोडू नका.’’

‘‘मग तुम्हाला भरून आलं तर? मला कळणार कसं?’’

‘‘मलाही आधी कळणार नाही,’’ मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली, डग्गा पुढे ओढला, आणि आम्ही पुन्हा मंगळवेढ्याच्या वेशीपासून सुरुवात केली.