कापलेले बावीस सेकंद

माझ्या पहिल्या माहितीपटातून मी बावीस सेकंद कापले. ते आजही मला पाठ आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातलं कापसाचं गाव. त्या बाईंच्या नवऱ्याच्या आत्महत्येला सहा महिने झाले होते. अंगणातल्या बाजेवर बसून त्या ती सकाळ सांगत होत्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, आवाज खराब झाला, म्हणून मी त्यांना तेच पुन्हा सांगायला लावलं. मग कॅमेऱ्याची बॅटरी संपली. तिसऱ्यांदा सांगताना त्या थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, याच्या आधी बी लोकं येऊन गेले, त्यायलेबी सांगतलं. तुमी हे घेऊन जासान. मंग आमाले काय भेटन?"

एडिटला बसले तेव्हा हा प्रश्न टाइमलाइनवर समोर आला. प्रवाह तुटतो, असं मी स्वतःला समजावलं, कट मारला आणि तिथे भेगाळलेल्या जमिनीचा शॉट टाकला. फिल्म सुबक झाली. पाहणाऱ्यांचे डोळे ओलावले. पण त्या बाईंच्या बोलण्यातला राग मी काढून टाकला होता आणि रडणं तेवढं ठेवलं होतं.

नंतर माहितीपटकार आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' पुन्हा पाहिला. 1985 मधला, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा. त्यात घर मोडलेली एक बाई कॅमेऱ्यावरच संतापते. तुम्ही आमचे फोटो काढून नाव मिळवणार, आमच्यासाठी काय करू शकणार, असा तिचा सवाल आहे. पटवर्धनांनी तो कापला नाही. माझ्यासमोर आला होता तसाच प्रश्न त्यांच्यासमोरही आला, आणि त्यांनी तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचू दिला. पुढे 1986 मध्ये नरिमन पॉइंटजवळचं संजय गांधी नगर पाडलं गेलं, तेव्हा तिथल्या रहिवाशांबरोबर ते उपोषणाला बसले. शबाना आझमीही बसल्या. त्या रहिवाशांना गोरेगावात पर्यायी जागा मिळाली. ती लढ्यामुळे मिळाली. एकट्या फिल्मने मिळाली नसती. पण फिल्म करणारा माणूस फिल्म पूर्ण झाल्यावरही त्या लोकांमध्ये होता, ही गोष्ट मी मोठी मानते.

माझी फिल्म झाल्यावर मी तिथे नव्हते. त्याची किंमत त्या बाईंनी मोजली. बोलण्याच्या ओघात त्यांनी गावातल्या खाजगी सावकाराचं नाव घेतलं होतं. मी ते अभिमानाने ठेवलं, कारण माझ्या लेखी तोच फिल्मचा कणा होता. वर्षभरात तेवढा तुकडा कुणीतरी मोबाइलवर पसरवला आणि तो गावात पोहोचला. सावकाराची माणसं त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. दिराने त्यांना बाहेरच्यांशी बोलायला बंदी केली. संमतीपत्रावर त्यांची सही होती, कागद माझ्या फायलीत नीट लावलेला होता. पण सही घेताना फिल्म कुठे कुठे जाईल हे मलाच माहीत नव्हतं, तर त्यांना कुठून असणार? त्या संमतीला काय अर्थ होता?

नुकसान एवढ्याच वाटेने होतं असं नाही. बुंदेलखंडातल्या ग्रामीण स्त्रिया चालवतात त्या 'खबर लहरिया' या वृत्तमाध्यमावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट 2022 मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्याच सुमाराला त्या पत्रकार स्त्रियांनी जाहीर निवेदन काढलं, की यात आमच्या कामाचा एकच भाग दिसतो आणि त्यामुळे आमचं चित्र चुकीचं उभं राहतं. फिल्म त्यांच्या बाजूची होती, त्यांचं कौतुक करणारी होती. तरीही आपली गोष्ट दुसऱ्याने मांडली की आपण त्यात ओळखू येत नाही, असं त्यांना वाटलं. त्यांच्याकडे स्वतःचं वृत्तमाध्यम होतं, म्हणून ते ऐकू तरी आलं. यवतमाळच्या त्या बाईंनी निवेदन कुठे काढायचं?

मग अशा फिल्म करूच नयेत का? मला तसं वाटत नाही. दोन वर्षांनी मी फिल्म घेऊन त्या गावात गेले. आधी त्या बाईंना घरात बसवून दाखवली, माफी मागितली, त्यांच्या सांगण्यावरून सावकाराचं नाव काढलं आणि ते बावीस सेकंद परत जोडले. मग समाजमंदिराच्या भिंतीवर चादर बांधून गावाला दाखवली. शहरात लोक जिथे रडले होते, तिथे गाव गप्प बसलं. पण एका जागी बायकांनी फिल्म थांबवायला लावली. पडद्यावर शेजारच्या गावातली एक विधवा मदतीसाठी तहसीलमध्ये काय काय द्यावं लागतं ते सांगत होती: सातबारा, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, बँकेच्या थकबाकीचा दाखला. सरकारी मदत एक लाखाची. त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. पण प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. हा भाग मला रटाळ वाटला होता, वेळ भरून काढायला ठेवला होता. बायकांनी तो तीनदा लावायला सांगितला. एकीने मुलाच्या वहीत कागदांची यादी उतरवून घेतली.

त्या रात्री मला माझं काम उमगलं. मी फिल्म केली होती ती दुःख न पाहिलेल्यांसाठी, आणि ज्यांचं दुःख होतं त्यांना कच्चा माल समजले होते. पटवर्धनांनी मुंबईतल्या रमाबाई नगरमधल्या 1997 च्या पोलीस गोळीबारानंतर आणि शाहीर विलास घोगरेंच्या मृत्यूनंतर 'जय भीम कॉम्रेड'वर चौदा वर्षं काम केलं आणि तो वस्त्यावस्त्यांत पडदा लावून दाखवला. एवढी वर्षं प्रत्येकाला देता येणार नाहीत. पण पहिला खेळ कुणासाठी लावायचा, हे प्रत्येकाच्या हातात असतं.

आता मी शूटिंगच्या आधी आणि एडिट झाल्यावर अशी दोनदा संमती घेते, आणि दुसऱ्यांदा 'नको' म्हटलेलं काढून टाकते. त्यात चांगले शॉट गेले आहेत. जाऊ देत.

तुम्ही एखादा माहितीपट पाहून हेलावलात, तर टाळ्या जरूर वाजवा. मग दिग्दर्शकाला एवढं विचारा: पडद्यावरच्या माणसांनी ही फिल्म पाहिली का, आणि पाहून ती काय म्हणाली?