साहेब म्हणतात म्हणून

मिलग्रॅमचा प्रयोग शिकवला की वर्गातली मुलं दरवर्षी छातीठोकपणे सांगतात, ‘आम्ही नसतं ऐकलं, मॅडम.’ अमरावतीत सामाजिक मानसशास्त्र शिकवताना हे इतक्यांदा ऐकलंय, की माझा पुढचा प्रश्न तयारच असतो. शिष्यवृत्ती अडकली तेव्हा ‘का अडकली’ असं खिडकीपलीकडच्या माणसाला कोणी विचारलं? वर्ग गप्प. मग मागून एखादा म्हणतो, ‘साहेबाच्या नादी कोन लागन?’

स्टॅन्ली मिलग्रॅमने १९६१ साली येल विद्यापीठात साध्यासुध्या माणसांना बोलावलं आणि दुसऱ्या खोलीतल्या माणसाला प्रत्येक चुकीच्या उत्तरागणिक विजेचा झटका द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्याला ते खरे वाटत. डगलेवाला शास्त्रज्ञ नुसतं ‘पुढे चला’ म्हणे. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. लोकांच्या लक्षात राहतो तो एवढाच आकडा. पण एका फेरीत त्याने बटणापाशी आपलीच आणखी दोन माणसं बसवली होती. ती मध्येच ‘आम्ही नाही करत’ म्हणून बाजूला झाली. त्या फेरीत शेवटापर्यंत गेले ४० पैकी फक्त ४.

माणूस भित्रा असतो म्हणून वाकतो, हे म्हणूनच मला पुरतं पटत नाही. मनातून हे नकोसं वाटणारे पुष्कळ असतात. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

हे आमच्या वऱ्हाडात डेबूजी जानोरकरांना कुठलंही पुस्तक न वाचता कळलं होतं. जन्म १८७६चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वाढले मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे. मामाची जमीन सावकाराने कर्जात गिळली. कागदावर अंगठा होता आणि त्या अंगठ्यापुढे सगळे हतबल होते. सावकार माणसं घेऊन ताबा घ्यायला आला, तेव्हा डेबूजी शेतातून हटले नाहीत. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रात हा प्रसंग आहे. मला मात्र त्याहून अवघड वाटतं ते त्यांच्या मुलीचं बारसं. रिवाज दारू आणि मटणाचा. डेबूजींनी पंगतीला बुंदीचे लाडू वाढले. सावकार परका होता. इथे समोर भाऊबंद बसले होते, आणि वाळीत टाकण्याची ताकद त्यांच्या हातात होती. सत्ता म्हटलं की आपण कचेरीकडे बोट दाखवतो, पण घरातल्या पंगतीचा धाक कचेरीपेक्षा जबर असतो.

गाडगेबाबा झाल्यावर ते कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारत जास्त. कर्ज काढून सण करावा का? देवापुढे बकरं कापावं का? समोरची गर्दी ‘नाही’ म्हणून उत्तर देई. माझ्या विषयाच्या नजरेने खरी करामत इथे आहे: शेजाऱ्याचा नकार प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ऐकू येई.

असा एकत्र नकार द्यायचा, तर १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात वऱ्हाडापुढे वेगळी अडचण होती. मीठ उचलायला समुद्रच नाही. एप्रिलमध्ये अकोल्याजवळच्या खारपाणपट्ट्यात, दहिहांड्याला, विहिरीच्या खाऱ्या पाण्याचं मीठ काढून कायदा मोडला गेला. पण खाऱ्या विहिरी गावोगावी थोड्याच असतात? मग १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापलं. निवड अचूक होती. गवत बैलाला लागतं, विळा घराघरांत असतो, आणि कापताना शेजारी दुसरा कापणारा दिसतो. पुढे जंगल सत्याग्रह ठिकठिकाणी पसरला.

अर्थात अणे नामवंत वकील होते. रोजमजुराने तोच भारा कापायचा तर घरची चूल पेटण्याचा सवाल येतो. म्हणून वाकलेल्या माणसाला हिणवणाऱ्यांचा मला राग येतो. त्याला धैर्याची व्याख्यानं देण्यापेक्षा त्याच्यासोबत खिडकीपर्यंत चालत जावं.

वाचकहो, दाखला, उतारा, नोंद अडली तर एकट्याने जाऊ नका. गावातलं एखादं माणूस सोबत घ्या. पोचपावती मागा, आणि ‘होत नाही’ म्हटलं तर कारण लेखी मागा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवा नाकारताना लेखी कारण द्यावंच लागतं, आणि सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो.