पुलाला किती?

पावसाळ्यात सांगलीला घरी फोन केला की "कसे आहात?" हा प्रश्न दुसरा. पहिला, "पुलाला किती?" पूल म्हणजे आयर्विन पूल, १९२९ चा. तिथे कृष्णेची पातळी मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. आमच्या गावभागात हे आकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात.

बाकीचे आकडे साताऱ्याहून येतात. तिथे आत्या राहते. कोयना, नवजा आणि महाबळेश्वरला किती मिलिमीटर पडला, धरणात किती टीएमसी झालं, विसर्ग किती क्युसेक... सकाळी पेपर उघडून सगळं फोनवर वाचते, आणि बाबा वहीत उतरवून घेतात. धरण १०५ टीएमसीचं. लाख क्युसेकने दिवसभर पाणी आलं तर साडेआठ टीएमसीच्या वर भरतं. म्हणजे जागा किती उरली, दरवाजे कधी उघडतील, हे बाबा चहा पितापिता सांगतात. स्टॅटिस्टिक्सचा पेपर मी दिलाय, पण घरातले संख्याशास्त्रज्ञ तेच!

२००५ च्या पुरात पुलाला ५३ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात कमरेएवढं. ओसरल्यावर बाबांनी भिंतीवर ऑइलपेंटने रेघ मारली. पुढची चौदा वर्षं सगळं त्या रेघेच्या हिशेबाने. फ्रिजखाली उंच ओटा, कपाटाचे खालचे खण रिकामे, अल्बम आणि कागदपत्रं रेघेच्या दीड फूट वर. "एवढं पाणी शंभर वर्षांत एकदाच येतं हो," असं गल्लीत सगळेच म्हणायचे. मीही मान डोलवायचो.

खरं तर 'शंभर वर्षांत एकदा' म्हणजे दर वर्षी शंभरात एक शक्यता. यंदा आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी नाही. तीस वर्षं एका जागी राहणाऱ्याला असा पूर गाठण्याची शक्यता चारात एक. आणि तीसुद्धा पाऊस आणि नदी पूर्वीसारखेच राहिले तर! हे परीक्षेत मला येत होतं. घरी सांगायचं मात्र कधी सुचलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पुलाला ५७ फुटांच्या वर गेलं. आईच्या लग्नाचे फोटो, आजोबांची पत्रं, बाबांची वही, सगळ्याचा लगदा. "रेघ चुकली रे," एवढंच बाबा म्हणाले. रेघ चुकली नव्हती. पाणी कुठवर आलं होतं तेवढंच ती सांगत होती. कुठवर येऊ शकतं, हे आम्ही तिच्या तोंडी घातलं होतं.

जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. आत्याचा फोन आला तसे बाबा ४५ ची वाट न बघता सामान माळ्यावर टाकून आईला घेऊन मिरजेला मावशीकडे गेले. पुलाला ५० च्या वर गेलंच.

आता भिंतीवर तीन रेघा आहेत. लग्नाचे दोन फोटो आत्याकडे निघाले. ते बाबांनी पुण्याला माझ्याकडे पाठवलेत. "तुझा मजला कितवा?" हे आधी विचारून घेतलं होतं.