सिंहावलोकन

शिक्षकाने स्वतःच्या चुकांविषयी शाळेच्या वार्षिकात लिहावे असा प्रघात नाही. वार्षिकात परीक्षांचे निकाल येतात, बक्षिसांच्या याद्या येतात, सहलींची वर्णने येतात. तथापि गेल्या वर्षी नववीच्या मुलामुलींसमवेत एक लहानसे यंत्र तयार करीत असता मला जे शिकावयास मिळाले ते लिहून द्यावे, असे संपादक मंडळातील एका विद्यार्थिनीने सुचविले. ती त्या आठ जणांपैकीच एक असल्यामुळे मला नाही म्हणता आले नाही.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी एक यंत्र करावयास घेतले होते. मी आरंभीच एका मोठ्या तक्त्यावर साऱ्या कामाचा आराखडा काढला, प्रत्येकास त्याचा वाटा नेमून दिला, आणि सर्व भाग शेवटच्या आठवड्यात जोडावयाचे असे ठरविले. शेवटचा आठवडा उजाडला, आणि एक भाग दुसऱ्याशी जुळेल तर शपथ! प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मी एकट्याने बसून ते यंत्र पुरे केले. त्यास तिसरे बक्षीसही मिळाले. परंतु परीक्षकांनी "हे कसे चालते?" असे विचारताच मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली. ते बक्षीस आज शाळेच्या कपाटात आहे. त्या कपाटावरून जाताना मी बहुधा दुसरीकडे पाहतो.

त्या उन्हाळ्याच्या सुटीत संगणकाच्या धंद्यातील माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला निराळी एक कार्यपद्धती समजावून सांगितली. तिचे मूळ शोधू जाता १९८६ सालच्या एका लेखापर्यंत जावे लागते. हिरोताका ताकेउची व इकुजिरो नोनाका या दोन जपानी विद्वानांनी 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये असे दाखविले होते की, उत्तम नवी वस्तू घडविणारे गट एकाने आपला टप्पा संपवून दुसऱ्याच्या हाती काम द्यावे अशा रीतीने चालत नाहीत. रग्बीच्या खेळाडूंप्रमाणे सारे मिळून चेंडू पुढे नेतात. त्याच खेळातील 'स्क्रम' हा शब्द घेऊन जेफ सदरलंड व केन श्वेबर यांनी १९९५ साली आपली पद्धती अमेरिकेतील ऑस्टिन येथे मांडली. पुढे फेब्रुवारी २००१ मध्ये युटा संस्थानातील डोंगरात सतरा जण एकत्र जमले व त्यांनी 'अजाइल' म्हणजे चपळ कार्यपद्धतीची चार मूल्ये व बारा तत्त्वे लिहून काढली. त्यांतील बारावे तत्त्व असे की, गटाने ठरावीक काळाने थांबून आपण कसे काम करीत आहोत याचा विचार करावा व त्याप्रमाणे आपली रीत सुधारावी.

सारांश, काम लहान लहान धावांत वाटावयाचे. अशा एका धावेस 'स्प्रिंट' म्हणतात. ती एका महिन्याहून लांब असू नये, आणि तिच्या अखेरीस काही तरी चालते असे हाती यावे. मग सर्वांनी बसून मागे वळून पाहावे. या मागे पाहण्यास इंग्रजीत 'रेट्रॉस्पेक्टिव्ह' असे नाव आहे. आपल्या भाषेत त्याला पूर्वीपासून एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे सिंहावलोकन. सिंह चालता चालता मान वळवून मागची वाट न्याहाळतो आणि पुन्हा पुढे चालू लागतो. मुलांना हा शब्द फार आवडला.

गेल्या वर्षी काम निवडले ते बोर्डिंगच्या गच्चीवरील टाकीचे. ती कधी भरून वाहत असे, तर कधी सकाळी मुलांच्या अंगाला साबण लागलेला असताना रिकामी होत असे. टाकीच्या झाकणाखाली एक संवेदक बसवावयाचा. तो मनुष्याच्या कानास ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो व पाण्यावरून त्याचा प्रतिध्वनी परत येईपर्यंतचा काळ मोजतो. हवेत ध्वनीचा वेग २०° सेल्सिअस तपमानास सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. तेव्हा पाणी एक मीटर खाली असेल तर जाऊन येण्यास सेकंदाचे हजार भाग केल्यास त्यांतील सुमारे सहा भाग लागतात. आर्डुइनो नावाची लहानशी पट्टी हा हिशेब करून स्वयंपाकघरातील दिवा लावते. जुन्या सुतारकामाच्या वर्गात आम्ही भिंतीवर तीन रकाने आखले : 'करावयाचे', 'चालू' आणि 'झाले'. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर लिहिले. 'झाले' कशास म्हणावे यावर पहिल्याच दिवशी भांडण जुंपले; शेवटी ठरले की, करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी चालवून पाहिले व ते चालले, तरच चिठ्ठी त्या रकान्यात जावी. मधल्या सुटीत दहा मिनिटे उभ्या उभ्या प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार व कोठे अडले, एवढेच सांगावयाचे.

पंधरा दिवसांची पहिली धाव संपली. संवेदक टाकीवर बसला होता, आकडेही दिसत होते. परंतु ते स्थिर राहीनात. पाणी साठ सेंटिमीटर खाली असता यंत्र क्षणात बारा म्हणे, क्षणात चाळीस. सिंहावलोकनास बसलो, म्हणजे मुले बसली, मी मात्र खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहिलो आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे कोणामुळे झाले?" सात बोटे एका मुलाकडे वळली. तो बोर्डिंगातला, टाकीवर चढून संवेदक बसविण्याचे काम त्याचे होते. तो म्हणाला, "सर, पाणी पडताना—" मी म्हणालो, "अरे, आधी नीट बसवायला हवे होते." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. अभ्यासाचे कारण त्याने कळविले, व मी ते खरे मानले, कारण तसे मानणे मला सोयीचे होते.

दुसऱ्या धावेत आम्ही तारा बदलल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला, नवा संवेदकही विकत आणला. आकडे उड्या मारतच राहिले. दरम्यान नॉर्मन कर्थ यांनी या विषयावर २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचा सारांश माझ्या वाचनात आला. त्यांची पहिली अट अशी की, त्या वेळी जे ठाऊक होते व जी साधने हाताशी होती, त्यांच्या मानाने प्रत्येकाने आपल्याकडून होईल तितके चांगलेच केले, असे मानूनच बैठकीस बसावे. ते वाचून मी खजील झालो. हे मी आरंभीच वाचावयास हवे होते.

दुसऱ्या सिंहावलोकनास मी फळा सोडून बाकावर बसलो. कोरे कागद वाटले. नाव घालावयाचे नाही; काय चांगले झाले, काय अडले, पुढल्या खेपेस कोणती एक गोष्ट बदलावी, एवढेच लिहावयाचे. कागद मीच मोठ्याने वाचू लागलो. एकावर होते : "अवघड काम आले की सर आमच्या हातून घेऊन स्वतःच करतात." अक्षर मी ओळखले, आणि खरे सांगतो, क्षणभर मला राग आला. पुढल्या कागदावर होते : "तो पहिल्या बैठकीत 'पाणी पडताना' असे काही सांगत होता. त्याचे वाक्य पुरे झाले नाही."

वर्गात कोणी बोलेना. त्याचे वाक्य मी तोडले होते, आणि तोडल्याचे मला स्मरणही नव्हते.

त्याच सायंकाळी मी बोर्डिंगात गेलो. त्याला म्हणालो, "बाळ, त्या दिवशी तुझे बोलणे मी मध्येच तोडले. माझे चुकले. काय सांगत होतास?" तो बराच वेळ गप्प होता. मग काही न बोलता मला गच्चीवर घेऊन गेला. पंप चालू होता. त्याने झाकण उचलून दाखविले. नळाची धार नेमकी संवेदकाच्या खालून पडत होती. ध्वनी पाण्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच धारेवर आपटून परत येत होता. "सर, पहाटे पंप बंद असतो तेव्हा आकडा हलत नाही," तो म्हणाला. आम्ही रोज शाळा सुटल्यावर, पंप चालू असतानाच, आकडे तपासत आलो होतो. तो बोर्डिंगात राहत असल्यामुळे पहाटेची टाकी त्याने एकट्यानेच पाहिली होती.

संवेदक समोरच्या कोपऱ्यात हलविला. पाच वेळा मोजून मधला आकडा घ्यावा, असे एका मुलीने प्रोग्रामात लिहिले. आकडा स्थिर झाला. तिसऱ्या व चौथ्या धावेस तो मुलगा आला. माझ्यासाठी ठराव झाला की, मुले जोडकाम करीत असता सरांनी हात पाठीमागे बांधून उभे राहावे. हा नियम पाळताना मला किती सायास पडले ते मुले हसत हसत सांगतील.

प्रदर्शनात आम्हांस बक्षीस मिळाले नाही. परंतु परीक्षकांनी "हे कसे चालते?" असे विचारले तेव्हा कोणीही माझ्याकडे पाहिले नाही. तो मुलगा प्रथम धारेची गोष्ट सांगू लागला, व या खेपेस त्याचे वाक्य पुरे झाले.

विद्यार्थिमित्रहो, पुढे तुम्ही कारखान्यात जाल, कचेरीत जाल, संसारात पडाल. काम बिघडले की "कोणामुळे?" हा प्रश्न सर्वांच्या आधी ओठांवर येतो. त्याने एक मनुष्य सापडतो, कारण मात्र पुष्कळदा हातचे निसटते. सिंहावलोकन करावयाचे ते वाटेचे. आणि जो सर्वांत वडील असेल त्याने प्रथम आपलीच पावले पाहावीत.

सुतारकामाच्या वर्गातील ते तीन रकाने अजून भिंतीवर आहेत. 'करावयाचे' या रकान्यात माझ्या हातची एक चिठ्ठी आहे : "मुलाचे वाक्य पुरे होऊ द्यावे." 'झाले' या रकान्यात ती नेण्याचा अधिकार, आमच्या नियमाप्रमाणे, मला नाही.