डब्याचा अंमल

मनुष्य काय खातो हे त्याच्या रुचीवर, ऐपतीवर आणि कुळाचारावर अवलंबून असते असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते मात्र नोकरदाराच्या आहाराचा खरा नियंता म्हणजे त्याचा दुपारचा डबा. भिवंडीला मुंबईच्या लोकलचा थेट आधार नाही. ठाण्याच्या वा कल्याणच्या कचेरीत हजेरीच्या वेळेला पोचायचे तर सकाळची एस.टी. गाठावी लागते, आणि म्हणून जो पदार्थ सातच्या आत शिजून दुपारी एकापर्यंत सांडल्याविना, विटल्याविना आणि शेजारच्या टेबलाला वासाने हैराण केल्याविना टिकेल, तोच आमच्यासारख्यांच्या घरी रांधला गेला. आमटी गेली, ताक गेले, पाणी सुटते म्हणून कोशिंबीर गेली. उरली ती तेलावर परतून कोरडी केलेली बटाट्याची भाजी आणि तेल लावून मऊ राखलेली पोळी. दिवसभराची थकबाकी मग रात्री नऊच्या जेवणात एकरकमी वसूल होई.

पेन्शनीत निघाल्यावर डबा फळीवर चढतो, पण त्याचा अंमल काही सुटत नाही. सकाळी आठाला स्वयंपाक आटोपून झाकून ठेवायचा हा शिरस्ता आमच्या घरात कित्येक महिने तसाच चालू होता. "अहो, एकदाच गॅस पेटला की बरं असतं," हे त्याचे समर्थन. समर्थन खोटे नव्हते. सरकारी नोकराला वयोमानपरत्वे निवृत्ती असते, स्वयंपाकघराच्या सेवानियमांत मात्र ती तरतूद नाही, आणि निवृत्ताच्या आरोग्यदायी आहाराच्या पुष्कळशा योजना दुसऱ्याच्या श्रमावर बेतलेल्या असतात, ही गोष्ट त्या आखणारे क्वचितच ध्यानात घेतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची जी १७ मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत वृद्धांसाठी एक स्वतंत्र तत्त्व आहे. उतारवयात भूक मंदावते, परंतु स्नायूंची प्रथिनांची गरज मंदावत नाही. त्यामुळे चहा-खारीवर संध्याकाळ आणि दूध-भातावर रात्र काढणारा वृद्ध स्वतःस मिताहारी समजत असता वस्तुतः हळूहळू दुर्बळ होत असतो. वर्ज्य पदार्थांची यादी लांबवण्यापेक्षा ताटात काय वाढवावे याचा विचार प्रथम करावा, असे मला वाटते ते याच कारणाने.

आणि तो विचार करू लागल्यावर मला प्रथम आठवले ते वालाचे बिरडे. भाताची कापणी झाल्यावर शेतात उरलेल्या ओलीवर ठाणे-रायगडकडे जे कडवे वाल होतात, ते रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड काढून, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावे लागतात. दाणा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून किंचित दाबला की मोडासकट दाणा पाण्यात निसटतो आणि साल चिमटीत राहते. जोर अधिक झाला तर डाळिंबीच्या दोन फाका होतात आणि "अख्खी राहू देत हो" असा शेरा ऐकावा लागतो. दोन माणसांपुरते वाल सोलायला बरीच सवड लागते, आणि प्रथिनांनी समृद्ध असलेले हे कडधान्य नोकरीच्या काळात केवळ सवडीअभावी रविवारापुरते राहिले होते. हल्ली सोलण्याचे खाते माझ्याकडे आहे. वर्तमानपत्र पसरून मी बसतो, गल्लीतले यंत्रमाग आपला खडखडाट करीत असतात, आणि ताटलीत हिरवट-पांढऱ्या डाळिंब्या साचत जातात. बिरडे ओले असते. डब्यात ते कधीच गेले नसते.

पावसाळ्याच्या तोंडावर मंडईच्या कडेला गोणपाट अंथरून बसणाऱ्या आदिवासी बायांकडे शेवळे येतात, पाठोपाठ टाकळा, कुर्डू, कंटोळी. शेवळांची खाज मारण्यासाठी काकडाची आंबट फळे त्यांच्याजवळच मिळतात, आणि ती घ्यायला विसरलेल्या गिऱ्हाइकाला त्या स्वतःहून हटकतात. मानकोली-काल्हेरकडची भातशेते गोदामांखाली गेली आणि त्या गोदामांतून ओट्सची खोकी दारात येऊ लागली. ओट्सशी माझे वैर नाही, पण १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी कोपऱ्यावरच्या गिरणीत दळून मिळत असताना त्यांची मातब्बरी मला वाटत नाही.

मिठाचा प्रश्न मात्र अद्याप निकालात निघालेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याच्या आतली; तेव्हा दोघांचा रोजचा शिधा आम्ही सकाळीच एका वाटीत काढून ठेवतो, आणि पापड, लोणचे, खारवलेला बांगडा यांचे मीठ त्यातूनच वजा करायचे असा करार आहे. बांगड्याच्या दिवशी वाटी दुपारीच रिती होते. रात्रीच्या मुगाच्या खिचडीसाठी आमची गृहस्वामिनी कालची शिल्लक पुढे ओढू पाहते. न खर्चलेले अनुदान ३१ मार्चला व्यपगत होते हा नियम मी तिला सांगतो, आणि ती चिमूटभर मीठ घालून, ढवळून, झाकण ठेवते.